चेंबर कुणाचं?

निवृत्त होऊन वर्षं झाली, पण तो तपास अजून डोक्यातून जात नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. गावाचं पाणी आणि गटारं नगरपालिकेनं खासगी कंपनीला चालवायला दिली होती. एका सकाळी कंपनीचा व्यवस्थापक फिर्याद घेऊन आला. कुणीतरी गटाराच्या चेंबरमध्ये सिमेंट ओतलं होतं आणि घाण थेट त्यांच्या कार्यालयासमोर तुंबली होती.

"सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान लावा, साहेब." कडक कलम हवं होतं त्याला.

पंचांनी नाकाला रुमाल लावून पंचनामा उरकला. गल्लीत कुणी काहीच पाहिलं नव्हतं. सगळे इतक्या एका सुरात नाही म्हणाले, की सगळ्यांना ठाऊक आहे हे मी ओळखलं. दुपारी चहावाला बीट हवालदाराच्या कानाशी लागला, "गिरणीवाल्या काकूला विचारा."

ती विधवा पिठाची गिरणी चालवायची. बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, म्हणून महिला शिपाई घेऊन मी तिच्या घरी गेलो. भिंतीवर एका तरुण मुलीचा हार घातलेला फोटो होता.

"काकू, चेंबर कुणी बुजवलं?"

"म्याच. तितून फुडं गेलेला पाइप फुटलाय, घाण नळात जायलीय. माजी सून पोटुशी व्हती. त्या पान्यानं कावीळ झाली, गेली. पालिकेत गेलं की कंपनीकडं जा म्हनतेत. कंपनी म्हनती, पाइप पालिकेचा हाय. तुमी सांगा साहेब, कुनाला इचारून चेंबर बुजवायचं व्हतं?"

पंचांसमोर खोदलं. पाइप खरंच फुटलेला होता. मग मी पालिका आणि कंपनी, दोघांनाही पत्र दिलं: पाइपचा मालक कोण? सुनेच्या मृत्यूची चौकशी त्याच्याविरुद्धच होणार होती. पालिकेनं कंपनीकडे बोट दाखवलं, कंपनीनं पालिकेकडे. व्यवस्थापक तर धावत आला, "फिर्याद मागे घेतो."

"नोंदवलेला गुन्हा असा मागे जात नाही," मी म्हणालो.

पाइप आणि चेंबर आपलं आहे असं कुणीच म्हणेना, त्यामुळे नुकसान नेमकं कुणाचं झालं हेच सिद्ध होईना. कोर्टानं बाईला सोडलं. सुनेच्या मृत्यूबाबतचा माझा अहवाल मात्र वर गेला, तो तिकडेच राहिला.

पाणी पालिकेनं द्यावं की कंपनीनं, हा वाद जाणत्यांनी घालावा. मला त्या प्रकरणानं एवढंच शिकवलं, की पाणी नासलं तर कुणाची कॉलर धरायची हे लोकांना आधी माहीत पाहिजे.

कोर्टाच्या पायऱ्यांवर बाईनं मला थांबवलं. सुटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

"मी सुटले, साहेब. माज्या सुनेच्या केसमदी कोन आरोपी हाय?"

मी टोपी घातली आणि जीपकडे चालू लागलो.