चवीपुरती बरगडी

रुझित्सा एरवी सासूपुढे बोलायची, पण स्लावाच्या दिवशी नाही. घराण्याच्या संताचा तो दिवस. टेबलावर मेणबत्ती पेटलेली, भावकी जमलेली. सुनेनं तोंड उघडायचं ते 'आणखी वाढू का' एवढं विचारायला. अकरा वर्षं ती हे निमूट करत आली होती.

पण दोन वर्षांपूर्वी तिच्या सहा वर्षांच्या नेवेनानं मांस सोडलं. कुणी शिकवलं नव्हतं हो! डुकराचं पिल्लू भाजायला नेताना पाहिलं आणि "मी नाही खाणार" म्हणाली, संपलं. रुझित्सा स्वतः बरगड्या चाटूनपुसून खाणारी बाई. तरी तिनं लेकीला शब्द दिला, तुझ्या ताटात काय आहे ते मी खरं सांगेन.

यंदाही थोरले दीर रादोश यांनी सुरुवात केली. "काय गं नेवेना, गवताची पेंडी सोडू का तुझ्यापुढे?"

"काका, तुम्ही आधी दात बसवून घ्या, मग माझ्या गवताचं बघा!"

सगळे खो खो हसले, बोळक्या तोंडानं रादोशही.

तेवढ्यात सासूबाई देसान्का पांढऱ्या घेवड्याचं भांडं घेऊन आल्या. "खा गं माझे बाई, खास तुझ्यासाठी केलाय."

नेवेनानं चमचा भरला आणि रुझित्साला वास आला. धुरी दिलेल्या बरगडीचा! बोलावं तर भर पंगतीत सासूची शोभा; गप्प बसावं तर पोरीचा विश्वास कायमचा गेला.

"थांब, बाळा. आई, यात बरगडी घातली होती का?"

"घातली आणि काढली!" देसान्का फणकारल्या. "चवीपुरती. पोर नुसती काटकी झालीय, माझा जीव तुटतो."

"शुक्रवारच्या उपासाला घालाल? चवीपुरती?"

"देवा रे! उपासाचं पातेलंसुद्धा वेगळं ठेवते मी!"

"मग हिचा रोजच शुक्रवार समजा, आई."

देसान्कांनी नातीकडे पाहिलं. नेवेना रडत नव्हती. चमचा खाली ठेवून नुसती बसली होती.

"रागावलीस?"

"नाही. पण तू सांगायचं ना गं, आजी."

म्हातारीचा चेहरा एवढासा झाला. तिनं भांडं उचलून रादोशपुढे आदळलं. "घे, तू गीळ!" आणि पाहुण्यांना तसंच सोडून ती स्वयंपाकघरात गेली. अर्ध्या तासानं आली ती उपासाचं पातेलं दोन्ही हातांत धरून.

"बटाटा, कांदा, तेल, मीठ," ती मेणबत्तीसमोर उभी राहून खणखणीत म्हणाली. "दुसरं काही असेल तर संत मला जाब विचारेल."

नेवेनानं घास घेतला. "आजी, आणखी दे."

रुझित्साचे डोळे भरून आले. मग तिनं बरगड्यांचं ताट पुढे ओढलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच सणाला पोटभर जेवली. लेकीच्या ताटाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.