डच घरमालकाचा धबधबा आणि माझा अडीच पानी अर्ज

तहसील कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली बसून मी एकवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. माझ्या अर्जामुळे कोणाचे काम बिघडल्याची एकही लेखी तक्रार त्या काळात आली नाही. ती करायची झाल्यास माझ्याकडूनच लिहून घ्यावी लागली असती, ही बाब मी त्या वेळी विचारात घेतली नव्हती. माझे शिक्षण म्हणाल तर दहावीच्या गणितापाशी दोनदा अडले आणि तिथेच थांबले. परंतु खुर्चीवर ताठ बसणारा आणि चष्म्यावरून पाहणारा मनुष्य अशिक्षित असेल असे पक्षकाराच्या मनात येत नाही.

२०१६ साली मुलीने आणि जावयाने मला न्यूझीलंडला बोलावले. मुलगी हॅमिल्टनच्या इस्पितळात परिचारिका आणि जावई दुधाच्या कारखान्यात इंजिनीअर. शहराबाहेर एका वृद्ध डच शेतकऱ्याच्या मळ्यातील छोटे घर त्यांनी भाड्याने घेतले होते. सामानात मी माझा 'अर्ज लिहिणार' हा रबरी शिक्का आणि शाईची गादी घेतली होती. विमानतळावर लोणच्याची बरणी अडवली गेली, शिक्का सुटला. पुढे जे घडले ते पाहता उलट झाले असते तर बरे झाले असते.

घरमालकाचे वय ऐंशीच्या पुढे. मुलगी त्याला सरळ नावाने हाक मारी, याचा मला धक्का बसला. मी त्याला 'सर' म्हणे, याचा त्याला. पहिल्याच सकाळी तो मला घरामागे घेऊन गेला. तिथे दीड पुरुष उंचीचा दगडांचा ढीग होता आणि त्याखाली एक तळे. म्हाताऱ्याने शेडमध्ये जाऊन बटण दाबले. काहीतरी घुरघुरले आणि दगडांवरून पाणी पडू लागले.

"धबधबा," तो अभिमानाने म्हणाला.

मी घाटाच्या पायथ्याचा माणूस. आमच्याकडे असल्या धबधब्याखाली लोक गाड्या धुतात. ही माहिती मी मुलीला भाषांतर करून सांगायला लावली. तिने काय सांगितले कोण जाणे, म्हातारा प्रसन्न हसला.

नंतर कळले की त्याचा देश ताटासारखा सपाट. धबधबा हवा तर तिथे माणसांनाच तो बांधावा लागतो. तरुणपणी तो होणाऱ्या बायकोला घेऊन सायकलने तसलाच एक धबधबा पाहायला गेला होता. कालव्याचे पाणी रानात पायऱ्यापायऱ्यांवरून सोडलेले. ती पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, तुझ्याबरोबर जगाच्या टोकाला येईन, पण तिथे पडणाऱ्या पाण्याचा आवाज हवा. जगाच्या टोकाला आल्यावर पाहतात तो हा मळाही सपाट. म्हणून त्याने एका हिवाळ्यात ट्रॅक्टरने दगड आणून रचले. त्याला चाळीस वर्षे झाली होती.

आता ती अर्धांगवायूने दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली होती. पलंग खिडकीशी. बोलणे जवळजवळ गेलेले. सकाळच्या चहापासून सूर्यास्तापर्यंत धबधबा चालू असे, आणि साफसफाईसाठी पंप बंद केला की ती बोटातली अंगठी पलंगाच्या दांडीवर वाजवी. टक, टक, टक. पाणी सुरू होईपर्यंत.

अशात म्हाताऱ्याला पाणी-परवान्यांच्या कार्यालयाचे पत्र आले. शेजारी नवीन आलेल्या माणसाने चौकशी केली होती म्हणून कार्यालयाने एकच प्रश्न विचारला होता : धबधब्याला पाणी कोठून येते? "बंद करायला लावतील," म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"ते फक्त विचारतायत हो बाबा," मुलगी मला म्हणाली. "एका ओळीचा ईमेल. मी रविवारी करते."

एका ओळीचा! एकवीस वर्षांत मी एका ओळीत कोणाचे नावसुद्धा बसवले नव्हते. शिवाय सरकार नुसते विचारते, यावर माझा विश्वास नव्हता. मुलगी आणि जावई कामावर गेल्यावर मी टेबल उन्हात ओढले आणि लिहायला बसलो.

माझे इंग्रजी म्हणजे अर्जात घालण्याची तीसेक वाक्ये, सगळी तोंडपाठ. पाण्याच्या बाबतीत त्यांपैकी एकच उपयोगी होते, ओढ्याच्या वहिवाटीचे. आमच्याकडे हक्क शाबीत करायचा तर वहिवाट जितकी जुनी, उघड आणि अखंड, तितका अर्ज भक्कम. मळ्याच्या कडेला ओढाही होता. तेव्हा मी लिहिले की अर्जदार चाळीस वर्षे रात्रंदिवस सदर ओढ्याचे पाणी 'ओपनली, पीसफुली अँड विदाउट इंटरप्शन' घेत आला आहे. म्हाताऱ्याला काही विचारले नाही. पक्षकाराला विचारत बसले की अर्ज दुबळा होतो.

म्हाताऱ्याने अडीच पाने ओठ हलवत वाचली. "इतकं भारी इंग्रजी मी उभ्या जन्मात वाचलं नाही," तो म्हणाला, निदान मला तसे समजले. "हे माझ्याबद्दलच आहे ना?" आणि त्याने सही केली. मी खाली शिक्का मारला, एक नक्कल त्याला दिली आणि अर्ज टपालात टाकला. मुलीला एवढेच सांगितले की उत्तर गेले, ईमेल नको.

दहा दिवसांनी सोमवारी गमबूट घातलेली एक अधिकारी बाई आली. "किया ओरा," असा तिने तिथला नमस्कार केला. तिच्या हातात माझा अर्ज होता. ती अर्जावर बोट ठेवून सावकाश बोलत होती आणि मी मान डोलावत होतो. 'विदाउट इंटरप्शन' तिला चांगलेच लागू पडले, असा माझा समज. मग म्हातारा शेडकडे गेला आणि धबधबा थांबला. खिडकीतून आवाज आला. टक, टक, टक.

संध्याकाळी मुलीने नक्कल वाचली.

"बाबा, यात ओढा कुठून आला?"

"पाणी म्हटलं की ओढा लागतो."

"अहो, ते तळ्यातलंच पाणी आहे! पंपानं वर जातं, खाली पडतं, परत वर जातं. तळं भरतं ते छपरावरच्या पावसानं."

"तो मुद्दा दुबळा आहे."

"दुबळा? बाबा, तो खरा आहे! बिनपरवाना पाणी उपसल्याचा चाळीस वर्षांचा कबुलीजबाब लिहून दिलात तुम्ही. वर शिक्का!"

तिने लगेच कार्यालयाला कळवले. पण लेखी अर्ज एकदा हाती आला म्हटल्यावर पाहणी होणारच होती. बाई गुरुवारी पुन्हा येणार आणि तोवर पंप बंद.

मंगळवारी सकाळी चहा झाला आणि अंगठी सुरू झाली. म्हातारा पलंगाशी बसून बायकोचा हात थोपटत राहिला. मी अंगणात उभा होतो आणि प्रत्येक टक माझ्या नावावर जमा होत होती. शेवटी मी शेडमधून बादली घेतली, तळ्यात बुडवली आणि पायात जॅन्डल, म्हणजे तिथल्या रबरी चपला, असतानाच दगडांवर चढलो. बंदी पंपावर होती. माझ्यावर कोणी घातली नव्हती. बादली ओतली. अंगठी थांबली. पाणी संपले, अंगठी सुरू झाली. पुन्हा उतरलो.

एका बादलीचा धबधबा फार थोडा वेळ टिकतो. बुधवारी मी एकदा घसरून तळ्यात बसलो, तेव्हा झालेला आवाज तिला विशेष आवडला असावा. अंगठी बराच वेळ गप्प होती.

गुरुवारी बाई आली तेव्हा मी वरच्या दगडावर, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून, बादली उपडी करत होतो. तिने पाणी खाली जाताना पाहिले. मला उतरताना, त्याच तळ्यातून बादली भरताना पाहिले. ती काहीतरी म्हणाली. माझी तीसही वाक्ये मला सोडून गेली होती.

"सेम वॉटर," मी म्हणालो. "मॅडम, सेम वॉटर."

ती हसली. शेडमागचे पाइप, छपराची पन्हळ सगळे पाहून आली. ओढ्यापर्यंतही चालून आली. तिकडे एकही नळी जात नव्हती. मग "स्वीट ॲज", म्हणजे तिकडचे 'झकास', म्हणत तिने कोरा कागद म्हाताऱ्यापुढे केला. त्याने तो माझ्यापुढे केला! मुलीने फोनवरून सांगितले ते मी उतरवले : धबधब्याचे पाणी तळ्यातून येते व तळ्यातच जाते. पूर्णविराम. त्यापुढे काही न लिहिता पेन खाली ठेवणे मला दगड चढण्यापेक्षा अवघड गेले. म्हाताऱ्याने सही केली आणि बटण दाबायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला सांगितले की रात्रीच्या जेवणाआधी त्याने माझा जुना अडीच पानी अर्ज बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती, अर्ध्या तोंडाने का होईना, हसली.

मला राहवले नाही. "कोणत्या वाक्याला?" मी मुलीकरवी विचारले.

म्हातारा तिला हळूच काहीतरी म्हणाला.

"वाक्याला नाही," मुलगी म्हणाली. "शिक्का दाखवला तेव्हा."