मागावरचा आवाज
नव्या कापडाच्या खळीचा वास आला की मला सांगलीचं कामगार ऑफिस आठवतं. माधवनगरला मागावर जन्म काढलेल्या आण्णांना, माझ्या वडिलांना, मालकावर ओरडले म्हणून कामावरून काढलं होतं. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, त्यामुळं ते घरीही तसंच बोलत. "आवं आण्णा, आत हळू बोला," मी दारापर्यंत बजावत होते. आत अधिकारी साहेबांनी विचारलं, "तुम्ही ओरडलात?" "न्हाई साहेब!" आण्णा गरजले. मी मागून त्यांचा नवा, खळीचा सदरा ओढला. समोर बसलेले मालकही एकेकाळी मागावरच होते. "ह्यो लय ओरडतो, साहेब!" ते त्याहून मोठ्यानं ओरडले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. आण्णांना परत कामावर घेतलं. पण अजून कुणी आवाज चढवला, की माझा हात तो सदरा शोधतो.