दुधाच्या डब्यांचा प्रोसेसर

त्या हिवाळ्यात लष्करातल्या आमच्या सिग्नल डिटॅचमेंटची, छोट्या तुकडीची, पोस्ट चौदा हजार फुटांवर होती. माणसं पाच. मी हवालदार, पोस्टचा इनचार्ज. डिसेंबरात रस्ता बंद झाला तो एप्रिलपर्यंत. सकाळी सहाला रेडिओ चेक, सातला चहा, मग बर्फ उपसायचा. पत्र नाही, पेपर नाही. मी हुबळीचा, नायक महादेव अळणावरचा. आमची कन्नड मिसळलेली मराठी त्या डोंगरावर आम्हा दोघांनाच कळायची. म्हणून आम्ही काम नसतानाही बोलत बसायचो.

येत्या उन्हाळ्यात बाकीच्या तिघांची ट्रेड टेस्ट, म्हणजे कामाची परीक्षा, होती. प्रोसेसर कसा चालतो हा प्रश्न तिच्यात हमखास यायचा आणि पुस्तक वाचून कोणाच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. शेवटी मी दूध पावडरचे रिकामे डबे ओळीनं मांडले आणि त्यांवर नंबर टाकले. ही मेमरी. काही डब्यांत हुकमाच्या चिठ्ठ्या, काहींत नुसते आकडे. एकानं फक्त पुढच्या डब्याचा नंबर सांगायचा. दुसऱ्यानं त्यातली चिठ्ठी आणायची. तिसऱ्यानं वाचून काय करायचं ते सांगायचं. चौथ्यानं पाटीवर बेरीज करायची. मी स्टीलच्या मगावर चमचा वाजवायचा, एका ठोक्याला एक पाऊल. प्रोसेसर एवढंच करतो. चिठ्ठी आणतो, अर्थ लावतो, काम करतो, पुढची आणतो. फक्त त्याचे ठोके सेकंदाला अब्जावधी असतात.

नंबर सांगायचं काम मी महादेवला दिलं, कारण तोच सगळ्यांत हुशार आणि सारखा पुढे धावायचा.

"अण्णा, पुढची चिठ्ठी मला पाठ हाय की. उत्तरच सांगून टाकू काय?"

"नाही. प्रोसेसरला अर्थ कळत नसतो. तू नंबर सांग."

"मग ह्या कामाला म्हैस बी चालंल हो."

जानेवारीत एके दिवशी 1420 वाजता पुढच्या पोस्टची टेलिफोन लाईन बंद पडली. फॉल्ट शोधायला दोघांनी जायचं असतं. ड्युटी चार्टवर त्या दिवशी माझं आणि सिग्नलमन थापाचं नाव होतं. मी बूट शोधेपर्यंत महादेव तयार होऊन उभा.

"अण्णा, तुम्ही ह्यांना शिकवा. माझं काय, नंबर सांगायला कुणीबी बसंल."

मला शिकवायला आवडायचं. बाहेर पारा उणे अठरा होता, हेही खरं. मी म्हटलं, "जा. चारच्या आत परत."

उरलेल्या दोघांना मी लूप शिकवायला घेतला. चिठ्ठी एक, वीस नंबरच्या डब्यातला आकडा आण. चिठ्ठी दोन, त्यात एकवीसमधला मिळव. चिठ्ठी तीन, उत्तर वीसमध्ये ठेव. चिठ्ठी चार, उत्तर शंभरापेक्षा कमी असेल तर पुन्हा चिठ्ठी एक. एकवीसच्या डब्यात मी मुद्दाम शून्य टाकलं होतं. बेरीज वाढेना आणि दोघं गोल गोल फिरत राहिले. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. वर बर्फाचा कडा सुटला तेव्हा मी मगावर चमचा वाजवत होतो.

1510 ला रेडिओ बोलला.

"थापा बोल रहा हूँ. ऊपर से बर्फ आया. महादेव नहीं दिख रहा. ओव्हर."

"तू ठीक है? ओव्हर."

"मैं ठीक हूँ, उस्ताद. महादेव नहीं दिख रहा."

दुसऱ्या वेळी तो ओव्हर म्हणायला विसरला.

एकाला सेटवर बसवून आम्ही दोघं धावलो. थापासह तिघांनी खणलं. 1740 ला महादेव सापडला. तुटलेली तार त्यानं आधीच जोडली होती, लाईन चालू होती. तो गेल्याची खबर मी त्याच लाईनवरून पुढच्या पोस्टला दिली.

आता निवृत्त होऊन मी हुबळीकडेच, केलगेरीत राहतो. बायको गेली, मुलगा पुण्याला. आठवड्यातून दोनदा सुभाष रोडवरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. बाकीचे दिवस कोणाशी दोन शब्द बोललो तर बोललो. दर जानेवारीत मात्र अळणावरला महादेवच्या आईकडे जातो. पहिल्या वर्षी अव्वांनी विचारलं होतं, "त्याचीच पाळी हुती काय?" मी होय म्हणालो. पुढची नऊ वर्षं त्यांच्या घरी जेवलो आणि प्रत्येक घासाला ते खोटं गिळलं.

यंदा क्लासमध्ये एका मुलीनं विचारलं, "सर, लूपमध्ये अडकल्याचं प्रोसेसरला कळतच नाही, मग तो सुटतो कसा?"

"स्वतःहून नाही सुटत. बाहेरून कोणी तरी थांबवावं लागतं."

त्या रविवारी मी जानेवारीची वाट न पाहता अळणावरची गाडी पकडली. अव्वा ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "अव्वा, त्या दिवशी पाळी माझी होती."

त्यांचा हात थांबला नाही.

"ठाव हाय मला. त्यो थापा आलता न्हवं पयल्याच वर्सी, त्यानं सांगितलं."

"मग मला कधी बोलल्या का नाहीत?"

"बोलून टाकलं असतं तर तू यायचा बंद झाला असतास, बाळा. दुसरं कोण येतंय हितं?"

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि शेंगा फोडायला घेतल्या. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच महादेवविषयी मोकळेपणानं बोललो. शाळेला जाताना तो रुळांवरून चालायचा आणि त्यासाठी त्यानं किती मार खाल्ला, ते त्या सांगत होत्या. मी ऐकत होतो. महादेव गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता.