गुरुजींची अंत्ययात्रा निघायलाच नको होती

तांबेगुरुजींना त्यांच्या पुतण्याने फसवले, विहाराच्या समितीने फसवले आणि शेवटच्या तासाला मीही फसवले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कोणी गोड शब्दांची अपेक्षा करणार नाही. गुरुजी जाऊन सात आठवडे झाले. त्या सकाळी मी वापीला एका बंद कारखान्याचे भंगार बघायला गेलो होतो. भाव ठरत आला होता, तेवढ्यात बोईसरहून शेजाऱ्याचा फोन आला. गुरुजी चहा ठेवायला उठले आणि ओट्यापाशीच... मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की कॉलेजला कळवले का? कारण गुरुजींनी देहदानाचा अर्ज भरला होता. त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयात जायचा होता, मुलांना शिकण्यासाठी. शेजारी म्हणाला, कळवतील, घरचे आहेत ना. मी सौदा तसाच टाकून गाडीत बसलो.

आमची ओळख माझ्या गोदामात झाली. एका कारखान्याची प्रयोगशाळा मोडीत निघाली होती आणि तिचा सगळा माल मी उचलला होता. त्यात एक जुना मायक्रोस्कोप होता. माझ्या माणसाने तो उचलून विचारले, "सेठ, ये पीतल में डालूँ क्या?" मी हो म्हणालो. तेवढ्यात काचेच्या नळ्या शोधायला आलेल्या एका बारीक, पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाने काट्यावर हात ठेवला. मला वाटले, हे गिऱ्हाईक आता घासाघीस करणार, म्हणून मी भाव आधीच वाढवून सांगितला. त्याने भावाचे नावच काढले नाही. कोपऱ्यातल्या पिपातले पाणी बोटावर घेतले, त्याचा एक थेंब काचेवर सोडला, खिडकीशी जाऊन बराच वेळ काहीतरी फिरवले आणि मला म्हणाला, "शेट, याच्यातून कधी बघितलंस काय? ये, बघ." मी बघितले. पाण्यात काहीतरी वळवळत होते. "हे तुझी माणसं पितात," तो म्हणाला. मी सातवी शिकलेला, दहा माणसांना पोसणारा, आजवर भावात कोणाला जिंकू दिले नव्हते. त्या दिवशी मायक्रोस्कोप तो म्हणेल तसा दिला आणि दुसऱ्या दिवशी पीप बदलले.

ते शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. मी त्यांना गुरुजी म्हणू लागलो तर म्हणाले, "मी गुरुजी नाय, बाटल्या धुणारा हाय." पण बाटल्या धुता धुता त्यांनी सगळी पुस्तके वाचली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो मायक्रोस्कोप आमच्या विहारात खिडकीखाली मांडला. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्याला जुन्या पांढऱ्या साडीचे झाकण शिवून दिले. काही जण कुरकुरले, की वंदनेच्या जागेत हे यंत्र कशाला? गुरुजी आधी दहा मिनिटे ध्यानाला बसत, मगच भिंगाला डोळा लावत. हात हलला तरी दिसत नाय आणि मन हललं तरी दिसत नाय, एवढेच ते म्हणत.

रविवारच्या वंदनेत धम्माचे गुण सांगताना 'एहिपस्सिको' हा शब्द येतो. ये आणि स्वतः पाहा. आम्ही तो वर्षानुवर्षे घाईत म्हणून पुढे जात होतो. गुरुजी तिथे थांबत. चालू वंदनेत थांबत आणि समोरच्या कोणालाही विचारत, या आठवड्यात तू काय पाहिलंस? शाळेतल्या मुली पटकन सांगत. मोठी माणसे खाली बघत. मी दोनदा खाली बघितले, तिसऱ्या रविवारी मोरचुदाचे खडे भिंगाखाली बघून गेलो. एकदा आमच्या चाळीतली विमलबाई आजारी नातीसाठी पाण्याची बाटली घेऊन आली. या पाण्यावर बुद्धाचे सुत्त म्हणून द्या, नातीला पाजते, म्हणाली. गुरुजी तिला हसले नाहीत की त्यांनी उपदेश केला नाही. तिच्याच बाटलीतला थेंब तिला दाखवला आणि म्हणाले, "सुत्त म्हणतो, विमल. पण आधी हे उकळून आण. सुत्तानं मन निवतं, जंतू नाय मरत." तिने पाणी उकळून आणले. त्यांनी सुत्त म्हटले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न गाळता.

वहिनी गेल्या तेव्हा गुरुजींनी त्यांचा देह महाविद्यालयाला दिला. ती वहिनींचीच इच्छा होती, तरी चिंचणीचे नातेवाईक भांडले. बायकोला साधा अग्नी देता आला नाही, असे तोंडावर बोलले. मीसुद्धा नातेवाइकांच्या बाजूने होतो, हे लपवत नाही. आठ दिवसांनी गुरुजींशी वाद घालायला गेलो. ते भिंगाची काच पुसत बसले होते. म्हणाले, "चौथीतून शाळा सुटलेली बाई ती. आता डॉक्टरांना शिकवायला गेली. मी पण तिकडंच जाणार."  त्यांनी स्वतःचा अर्ज विहारात, सगळ्यांसमोर भरला. साक्षीदार म्हणून दोघांच्या सह्या आहेत. एक माझी. दुसरी सुनीलची, म्हणजे त्यांच्या सख्ख्या पुतण्याची. गुरुजींना मूलबाळ नव्हते, त्याला त्यांनीच शिकवले. त्या अर्जाची चौकटीतली प्रत विहाराच्या भिंतीवर आहे आणि तिच्यावर महाविद्यालयाचा फोन नंबर आहे.

दुपारी मी पोहोचलो तर ट्रक फुलांनी सजवून तयार होता. निळे झेंडे, पांढरे कपडे, पार रस्त्यापर्यंत माणसे. बोईसरला एवढी अंत्ययात्रा मी पाहिली नव्हती. समितीच्या अध्यक्षांना मी बाजूला घेतले आणि विचारले, फोन केला का? ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाला गाडीत घालून गुपचूप पाठवायचं? समाज आपल्या तोंडात शेण घालेल." मी भिंतीवरचा नंबर लावला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, फक्त जवळच्या नातेवाइकाची संमती हवी, त्यांना फोन द्या. मी सुनीलपुढे फोन धरला. त्याने हात जोडले. "काका, आता नको. लोक जमलेत." बाई पलीकडून हॅलो, हॅलो म्हणत होत्या. मी शिव्या दिल्या, आरडाओरडा केला. चौघांनी मला धरले. मग कोणीतरी म्हणाले, शेट, निदान खांदा तरी द्या... आणि मी दिला. भंगाराच्या भावावरून दिवसभर अडून बसणारा मी, तिथे अर्ध्या तासात नमलो. तिरडी अगदी हलकी होती.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी विहारात होणाऱ्या वंदनेला, गुरुजींवर भाषणे झाली. विज्ञाननिष्ठ, धम्मनिष्ठ, समाजभूषण. एकाने तर देहदानाबद्दलच त्यांचे कौतुक केले. मी उठून विचारायला लागलो, तेव्हा माईक बंद झाला. म्हणून इथे लिहितो आहे. कागदाचा माईक बंद करता येत नाही. द्वेषाने कोणी काही केले नाही, हे मला कळते. प्रेमच होते ते. पण त्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली होती, जिथे आपली बायको शिकवते तिथे जाणे, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून, हार घालून, घोषणा देत जाळली.

मायक्रोस्कोप अजून खिडकीखाली आहे. झाकण मी धुवून आणले. शेजारी माझा स्वतःचा अर्ज ठेवला आहे, भरलेला. साक्षीदाराच्या एका रकान्यात विमलबाईची सही आहे. दुसरा रकाना सुनीलसाठी मोकळा ठेवला आहे, आणि या वेळी सही म्हणजे काय ते त्याला माहीत असेल. येत्या रविवारी वंदनेत 'एहिपस्सिको' आले की मी थांबवणार आहे. खांदा का दिला, याचे उत्तर मी देईन. पण पहिली पाळी तुझी, सुनील. अध्यक्ष, त्यानंतर तुमची. सगळ्यांसमोर उभे राहा आणि सांगा : फोन चालू होता, बाई बोलत होत्या, वेळ होता. तो फोन कानाला का लावला नाहीत?