तहसीनची डावी मूठ

तहसीनच्या दुकानात त्याच्या चेहऱ्याबद्दल काही बोलायचं नाही. एखादं गिऱ्हाईक सहज म्हणालं, "काय रे, तोंडावरून दमलेला दिसतोस," तरी हा पाना खाली आपटतो. "माझं तोंड सोडा. तुमच्या कूलरची मोटर जळलीय, तिच्याकडे बघा." बगदादच्या जूनमध्ये कूलर बंद पडलेला माणूस आधीच तापलेला असतो, त्यात मिस्त्री हा असा. तरी लोक त्याच्याकडेच येतात, कारण त्याने बसवलेला पंप दोन-दोन उन्हाळे कुरकुरत नाही. येतात, बसतात आणि त्याच्याकडे न बघता बोलतात.

मोहल्ल्यात त्याला माजोरडा म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणू देत. ही खोड काही तो आईच्या पोटातून घेऊन आला नव्हता. सतरा वर्षांचा असताना, रमजानात, चारचौघांनी मिळून ती त्याला लावली.

तेव्हा तो नदीच्या अलीकडे, पिंजाऱ्यांच्या गल्लीत राहायचा. गल्लीच्या टोकाला युवक केंद्र होतं, आणि रमजानभर तिथे अंगठीचा खेळ रंगायचा. रोजा सोडला, चहा झाला की दोन मोहल्ल्यांची पोरं समोरासमोर रांगा धरून बसायची, एकेका बाजूला चाळीस-पन्नास. एका बाजूचा कप्तान घोंगडीच्या आडून सगळ्यांच्या मुठींवरून हात फिरवायचा आणि कुणा एकाच्याच मुठीत अंगठी सोडायचा. मग समोरच्या बाजूचा जाणता उठायचा आणि नुसते चेहरे बघून ती शोधायचा. "तू ऊठ, तू ऊठ," करत रिकामे वाटतील ते उठवायचे, आणि खात्री पटली की एका मुठीसमोर उभं राहून म्हणायचं, "दे." मूठ रिकामी निघाली तर डाव गेला. तिथे हुज्जत नाही, फेरविचार नाही.

गल्लीचा जाणता होता लफ्ता, सगळे त्याला मानाने उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणायचे. धंद्याने तोही पिंजारीच, भुवयांवर कायम कापूस अडकलेला. पन्नास जणांतून तो अंगठी काढायचा आणि मागे ठेवलेला चहा अजून गरम असायचा. गल्लीला त्याचा इतका तोरा की मुलीसाठी स्थळ बघायला जाताना लोक लफ्ताला सोबत न्यायचे. त्याने नाक मुरडलं की सोयरीक मोडली. नाकारलेल्या त्या मुलांचं पुढे काय झालं, हे कुणी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी विसाव्या रोजाला केंद्राची अंगठीच नाहीशी झाली. चांदीची, लाल अकीकाची, आजोबांच्या काळात जिंकलेली. केंद्राच्या व्यवस्थापकाने बावीस पोरं भिंतीला लावून उभी केली आणि लफ्ताला बोलावणं धाडलं. लफ्ता आला, एका टोकापासून बघत निघाला आणि तहसीनपाशी थांबला.

तो का थांबला, हे तहसीनला त्याच क्षणी कळलं होतं. चोरांसारखं भिंतीला लावलं म्हणून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कानशिलं तापलेली, जबडा आवळलेला, डोळ्यांत पाणी. लफ्ताने ते सगळं पाहिलं आणि म्हणाला, "हाच."

हात उघडायला लावले, रिकामे. खिसे, बूट, घरातल्या गाद्या, आईची पेटी, सगळं उलटंपालटं केलं, काहीच नाही. खेळात मूठ रिकामी निघाली की जाणता हरतो. तहसीनच्या वाट्याला खेळाचा तेवढा साधा नियमसुद्धा आला नाही. "पोचवली असेल कुठेतरी," लोक म्हणाले, "लफ्ता चुकेल होय?" अंगठी पुढे कधीच सापडली नाही. लफ्ताचा शब्द मात्र राहिला.

आणि बाप. बाप चौकात उकडलेल्या हरभऱ्यांची गाडी लावायचा. तहसीन थोरला, म्हणून सगळा मोहल्ला बापाला अबू तहसीन, म्हणजे तहसीनचा बाप, अशी हाक मारायचा. दुसऱ्या दिवशी गाडीवर पहिलं गिऱ्हाईक आलं, तेव्हा बाप वाटी भरता भरता म्हणाला, "यापुढे मला अबू निब्रास म्हणायचं." निब्रास म्हणजे तहसीनचा धाकटा भाऊ, तेव्हा सहा वर्षांचा. गाडीपासून चार पावलांवर तहसीन लिंबं चिरत होता. त्याने सुरी ठेवली आणि नदी ओलांडून मामाकडे गेला. आई दर जुम्म्याला भेटायला येते. बाप एकदाही आला नाही.

त्याला आता नऊ वर्षं झाली. या रमजानात युवक केंद्रांच्या स्पर्धा लागल्या आणि नदीपलीकडचा, आता तहसीनच्या मोहल्ल्याचा, संघ अंतिम सामन्यात गेला. संघाचा कप्तान विसाम, मोबाइलची कव्हरं विकणारा बावीस वर्षांचा पोरगा, तो तहसीनच्या दुकानात येऊन बसला.

"एक माणूस कमी पडतोय. चल ना."

"मी मुठी आवळून बसत नाही. सांगितलंय तुला."

"समोर पिंजाऱ्यांची गल्ली आहे."

तहसीनने मोटर बाजूला सरकवली. "त्यांचा जाणता कोण?"

"तोच म्हातारा. गुडघे गेलेत, पण नजर शाबूत आहे म्हणतात. ऐक, माझ्या डोक्यात एक आहे. तो तुझ्याकडे बघायला लाजेल, म्हणून अंगठी मी तुलाच देतो."

"मला नाही द्यायची. एकदाही नाही."

"अरे पण..."

"एकदाही नाही, विसाम. दिलीस तर तिथेच फेकून देईन. त्याला माझ्याकडे येऊ दे. त्याने 'दे' म्हणावं, एवढ्यासाठी येतोय मी."

"आणि नाही म्हणाला तर?"

तहसीनने मोटर पुन्हा पुढ्यात ओढली. त्याची भीती तीच होती.

सामना पिंजाऱ्यांच्या केंद्रातच होता. भिंत तीच, तिचा रंग तेवढा नवा. गल्लीतले झाडून सगळे आले होते आणि बघ्यांच्या पुढच्या रांगेत बाप बसला होता, केस पिकलेला, मांडीवर टोपी. तहसीन आत आला तेव्हा बापाने टोपी झटकली, धूळ नसताना झटकली, आणि मान दुसरीकडे वळवली.

"अरे वा, पाहुणे आले," गल्लीतलं कुणीतरी मागून म्हणालं. "विसाम, तुमची अंगठी मोजून ने रे जाताना."

हशा पिकला. तहसीन रांगेत जाऊन बसला.

लफ्ता आता काठी टेकत चालत होता. पहिल्या डावात तो तहसीनसमोर आला आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "तू ऊठ." दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यात तर पहिलाच उठवला. दर डावाला, चेहरा न बघता, "तू ऊठ." तहसीनच्या डोक्यात तिडीक जात होती. सगळ्या गल्लीसमोर एकदा नको तितकं बघितलंस, आणि आता बघायचं म्हटलं तर मान आखडते? पण खेळात तक्रार करायची सोय नसते. लफ्ता म्हणेल, तो रिकामा होता, मी उठवला. खरंच तर होतं.

गुण चढत चढत वीस-वीस झाले. एकवीसवर सामना संपणार होता. शेवटचा डाव लपवायची पाळी विसामची, शोधायची लफ्ताची. घोंगडी फिरली, विसामचा हात तहसीनच्या मुठीवरून रिकामाच गेला आणि शेजारच्या चष्मेवाल्या पोराच्या मुठीत अंगठी सुटलेली तहसीनला कडेने दिसली. पोरगा दवाखान्यात मलमपट्टी शिकणारा, त्याची पापणीही हलली नाही.

लफ्ता निघाला. "तू ऊठ. तुम्ही दोघं उठा." दहा गेले, तीस गेले. तहसीनसमोर आला तेव्हा या वेळी तो काही न बोलता पुढे गेला. चुकून राहिला की मुद्दाम ठेवला, कोण जाणे. शेवटी तिघे उरले, तहसीन, चष्मेवाला आणि टोकाला पावाच्या भट्टीवरचा एक पोरगा. लफ्ता चष्मेवाल्यासमोर थांबला. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. वाकला. तहसीनला कळलं की म्हातारा बरोबर जागी आला आहे, आता 'दे' म्हणणार, सामना जिंकणार, आणि आपण इथून आलो तसेच परत जाणार.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला.

"उस्ता, इतका काय विचार करताय? शेजारचा तुमच्या ओळखीचा आहे. एकदा ओळखलंय तुम्ही त्याला."

तो बापाचा आवाज होता. सगळी गल्ली हसली. बापही हसला, आपण इतरांपैकीच आहोत हे दाखवायला माणूस हसतो तसा.

तहसीनने काही सोंग केलं नाही. तशी गरजच पडली नाही. कानशिलं पेटली, जबडा आवळला गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा त्याला आणखीच संताप आला. लफ्ताने मान वळवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने तहसीनच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग तो दोन पावलं सरकला, काठी जमिनीवर ठोकली आणि म्हणाला, "डावी. दे."

तहसीनने डावी मूठ उलटी केली आणि उघडली. तळव्यावर मोटरच्या तेलाचा डाग होता, बाकी काही नव्हतं.

चष्मेवाल्याने अंगठी वर धरली, आणि नदीपलीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळली. विसाम नाचत होता. तहसीन जागचा हलला नाही, हातही मागे घेतला नाही.

"उस्ता," तो म्हणाला, "काय दिसलं तुम्हाला?"

लफ्ता त्या तळव्याकडे बघत होता. "तेच. त्या दिवशी दिसलं होतं तेच."

"थोडं वेगळं असेल."

"नाही. अगदी तेच. म्हणून तर तुझ्याकडे वळलो."

"मग त्या दिवशी माझ्या हातात काय होतं?"

"काही नव्हतं, पोरा," तो पुटपुटला.

"मोठ्याने सांगा. त्या दिवशी मोठ्याने सांगितलं होतंत."

लफ्ता लोकांकडे वळला. नाचणारी पोरं एकेक करत थांबली. "या पोराच्या हातात त्या दिवशी काही नव्हतं," तो म्हणाला. "ते चोराचं तोंड नव्हतं, रागावलेल्याचं होतं. मला फरक कळला नाही." आणि तो तिथेच, खेळाडूंच्या सतरंजीवर, मटकन खाली बसला.

मग रिवाजाप्रमाणे झलाबियाची, म्हणजे तिथल्या जिलेबीची, ताटं आली. हरलेल्यांनी जिंकलेल्यांबरोबर एकाच ताटात खायचं असतं. वाढणारा पुढच्या रांगेत पोचला. "घ्या, अबू निब्रास."

"अबू तहसीन," बाप म्हणाला. मग पुन्हा, जरा जोरात, "अबू तहसीन म्हण."

हे दोन शब्द तहसीनने नऊ वर्षं मनात ऐकले होते. ते कानावर पडले की आतली आग विझेल, असं त्याला वाटत आलं होतं. ती विझली नाही, उलट भडकलीच. इतकं सोपं होतं तर हे. कोणत्याही सकाळी, गाडीवर उभं राहून, हरभरे वाढता वाढता म्हणता आलं असतं.

बापाने वाढणाऱ्याच्या हातून ताट घेतलं आणि तो सतरंजी ओलांडून आला. पाक त्याच्या अंगठ्यावरून ओघळत होता. "घे पोरा," तो म्हणाला. "झालं गेलं. घरी चल, आई वाट बघतेय."

"लफ्ता म्हणाला म्हणून मी चोर झालो," तहसीन म्हणाला. "आता लफ्ता म्हणाला म्हणून मी तुमचा मुलगा झालो. तुम्ही स्वतः माझ्या तोंडाकडे कधी बघणार, बाबा?"

बापाची नजर ताटावर होती. तहसीन त्याच्यासमोर उभा राहिला. ती नजर वर येईपर्यंत तो तिथून हलणार नव्हता.