नऊ गतिरोधकांची पुकार

पडदा वर जातो तो सकाळी साडेसहाला, गडमुडशिंगीच्या थांब्यावर. मागं उभ्या उसाची हिरवी रांग, उजवीकडं चहाच्या गाड्यावरची वाफ आणि मधोमध शाळेची पिवळी व्हॅन, डाव्या अंगाला जरा चेपलेली. तिसरी घंटा व्हावी तसा हॉर्न वाजतो. दार सरकतं आणि जोतीराममामा प्रवेश करतात. पांढऱ्या मिशा, खाकी शर्ट, हातात वायर कापलेला जुना माईक.

"लक्ष द्या, पावणं! काल सातचा पाढा एका दमात म्हणणारा, आणि त्या आनंदात डबा शाळेतच विसरून आलेला सार्थक मैदानात येतोय!"

आत बसलेली पोरं सीटच्या पाठीवर हलगी वाजवतात. सार्थक असा छाती काढून चढतो, की डब्याचं कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

जोतीराममामांनी बावीस वर्षं कुस्ती मैदानं गाजवली. लढून नव्हे, बोलून. जत्रेच्या मैदानात पैलवान मातीच्या हौद्यात उतरायचा, तेव्हा त्याचं गाव, त्याचा वस्ताद, त्यानं मारलेल्या कुस्त्या असा सगळा इतिहास मामा पुकारायचे. त्यांचा आवाज पार मागच्या झाडावर बसलेल्या माणसापर्यंत पोचायचा. पुढं घशानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आता जपा. मामांनी माईकची वायर कापली, व्हॅन घेतली आणि हजारोंच्या जागी चौदा पोरांपुढं उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांना त्यात काही कमी वाटलं नाही. चौदाच्या चौदा प्रेक्षक रोज वेळेवर हजर, असं भाग्य कुठल्या कलावंताला लाभतं?

एका वर्षी शाळेत संयोगिताबाई मुख्याध्यापक होऊन आल्या. पोरांच्या मनानं उभारी धरावी म्हणून त्यांनी मनापासून एक उपक्रम काढला. दर शनिवारी परिपाठाला तिसरीतल्या काही मुलांनी पुढं यायचं आणि माईकवर स्वतःबद्दल बोलायचं. छापील कागद घरोघरी गेला. 'मी हुशार आहे. मी धाडसी आहे. मला सगळं जमतं.' बरीचशी पोरं धडाधड बोलून मोकळी झाली, काहींच्या चेहऱ्यावर खरंच तेज आलं. पवित्रा मात्र दोन शनिवार माईकपुढं उभी राहिली आणि एक अक्षर न बोलता खाली उतरली.

पवित्रा जूनमध्ये सीमेकडच्या गावातून आलेली. वडलांना इथल्या कारखान्यात काम मिळालं म्हणून बिऱ्हाड हललं. घरात कानडी, दारात मराठी. व्हॅनमध्ये ती मागच्या सीटवर बसायची आणि मामांनी पुकार दिली तरी मान खाली घालूनच चढायची.

बुधवारी तिची आई थांब्यावर आली. डोळे रडून सुजलेले.

"मामा, या शनिवारी शेवटची पाळी. न्हाई बोलली तर तिला परत गावाकडं अज्जीकडं, माझ्या सासू दानम्माअत्तींकडं ठेवू म्हणत्यात हे. तिथल्या शाळेत बोलत होती की. मला पोरीबिगर करमंल का? तुमी तिला जरा मोठी पुकार द्या की. धीर येईल."

"एवढंच नव्हं?" मामा म्हणाले आणि त्यांनी माईक तोंडाशी धरला. बऱ्याच दिवसांनी कुणी मोठी पुकार मागितली होती. आतला जुना गडी जागा झाला.

"लक्ष द्या, पावणं! वाघाच्या काळजाची, कुणाच्या बापाला न भिणारी, जिच्या आवाजानं शाळा हादरंल, अशी पवित्रा येतीय!"

हलगी कडाडली. पवित्राचा एक पाय पायरीवर होता. तो तिनं खाली घेतला.

"ती मी न्हवं," ती म्हणाली आणि दप्तर सावरत घराकडं चालू लागली. आई तिच्यामागं पळाली. हलगी थांबली.

त्या दिवशी मामांना जेवण गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं राजवीर उभा राहिला. आजऱ्याकडच्या जत्रेतला सोळा वर्षांचा कोवळा पैलवान. तीनच कुस्त्या खेळलेला. पण मैदान रंगात होतं, हलगी तापली होती आणि मामांनी पुकारलं, 'आजवर ज्याची पाठ मातीला लागली नाही!' पंचांनी ते ऐकलं आणि त्याची जोड दुप्पट तयारीच्या गड्याशी लावली. दोन मिनिटांत राजवीर चीत झाला. त्यानंतर तो तालमीत दिसला नाही. बऱ्याच वर्षांनी जयसिंगपूरच्या बाजारात भेटला. राग नव्हता त्याच्या मनात, मामांना आग्रहानं चहा पाजला त्यानं. जाताना एवढंच बोलला, "हरल्याचं काय न्हाय, मामा. पण तुमी सांगितलेला गडी मी न्हवतोच, हे समद्या जत्रेनं बघितलं की."

तेव्हापासून मामांनी स्वतःला शिस्त लावून घेतली होती. जे डोळ्यांनी बघितलं, तेच पुकारायचं. आणि बुधवारी ती मोडली होती.

गुरुवारी आईनं पवित्राला हाताला धरून आणलं. मामांनी माईक उचललाच नाही. "बस, बाळ," म्हणाले आणि गाडी सुरू केली. पण वाटभर त्यांचं ध्यान आरशात होतं. बोलत नाही ही पोर, मग करते तरी काय?

तिच्या शेजारी मोठ्या शिशूतला शिवांश बसला होता. हा गडी रोज गाडी हलली की झोपायचा, डोकं खिडकीच्या दांडीला टेकून. पहिला गतिरोधक आला. पवित्रानं आपला तळहात दांडीवर ठेवला. गाडी उसळली, शिवांशचं डोकं हातावर आपटलं आणि तो झोपलेलाच राहिला. हात परत मांडीवर. दुसरा गतिरोधक, पुन्हा हात. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. मामांनी उचगाव मागं टाकलं, तिसरा मोजला, चौथा मोजला. शाळा येईपर्यंत सात मोजून झाले आणि सातही वेळा हात दांडीवर होता.

शुक्रवारी सकाळी हॉर्न वाजला.

"लक्ष द्या, पावणं! बुधवारची पुकार खोटी होती, ती मी माघारी घेतो. आज खरी ऐका. इथनं शाळेपतोर सात गतिरोधक. सातीबी गतिरोधकांवर आपला हात मधी घालून शिवांशचं डोकं फुटू न देणारी पवित्रा गाडीत येतीय!"

हलगी वाजायची विसरली. सगळ्यांनी शिवांशकडं बघितलं. शिवांशनं स्वतःचं डोकं चाचपलं.

पवित्रा पायरीशीच थांबली. "तुमी बघितलासा?"

"आरशात दिसतंय समदं."

ती पायरी चढली. मग मान वर करून म्हणाली, "सात न्हाईत, मामा. नऊ हाईत."

"आगं, एकवीस वर्षं ह्या रस्त्यानं गाडी चालवतोय मी!"

"दोन बारकं हाईत. म्होरं बसल्याला कळत न्हाईत. मागं बसल्याला कळत्यात."

गाडीत हशा पिकला. मामाही हसले, मग पुन्हा माईक धरला. चुकलेली पुकार त्याच मैदानात दुरुस्त करायची, हाही त्यांचा नेम. "दुरुस्ती ऐका, पावणं! सात न्हाय, नऊ! मोजणारी बी पवित्राच!" आता मात्र हलगी अशी वाजली की चहावाल्यानं किटली खाली ठेवली.

शनिवारी व्हॅन शाळेच्या कुंपणाला लागून उभी होती. हजारोंच्या मैदानात ज्याची जीभ कधी अडखळली नाही, तो माणूस इंजिन बंद करून काचा खाली घेत होता. मुका माईक घट्ट धरून ते कर्ण्याकडं कान लावून बसले. पवित्राचं नाव पुकारलं गेलं. कर्ण्यातून नुसती खरखर.

"कागद बघून वाचलंस तरी चालेल हं," संयोगिताबाईंचा मऊ आवाज आला.

पुन्हा खरखर. मग कागदाची घडी केल्याचा आवाज.

"मी पवित्रा. आमच्या रस्त्याला नऊ स्पीडब्रेकर हाईत. मी शिवांशचं डोकं लागू देत न्हाई." जरा थांबून, अजून मोठ्यानं, "एकदा बी लागलं न्हाई."

मग शिशुवर्गाच्या रांगेतून एकटी टाळी ऐकू आली, लहान हातांची. तिच्यामागून बाकीच्या आल्या. व्हॅनमध्ये जोतीराममामांनी स्टेअरिंगवरच हलगी धरली.

सुटीच्या वेळी बाई स्वतः व्हॅनपाशी आल्या. "मामा, हे वाक्य आमच्या कागदात नव्हतं," त्या हसत म्हणाल्या. सोमवारी नवा कागद निघाला. त्यावर 'मी' एवढंच छापलेलं होतं, पुढं कोऱ्या रेघा.

त्याच शनिवारी दुपारी गडमुडशिंगीला आई थांब्यावर उभीच होती. पवित्रा उडी मारून उतरली आणि कानडीत भडाभडा बोलत सुटली. आईनं तिला पोटाशी धरलं. पदरानं डोळे पुसून ती हसली. "मामा, आता हे तिला अज्जीकडं धाडायचे न्हाईत. हितंच ऱ्हाती पोरगी. मग आता तरी मोठी पुकार देणार का न्हाई?"

जोतीराममामांनी माईक काचेपुढं नीट ठेवला आणि दार ओढून घेतलं.

"उद्या रविवार हाय, ताई. सोमवारी ती काय करती ते बघतो, मग पुकारतो की."